कविता लिहिणाऱ्याने मराठीचा प्राध्यापक व्हावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, चार-पाच वर्षे कविता लिहिणाऱ्या आणि काही कविता छापून आलेल्या एका व्यक्तीला महाराष्ट्रातल्या वरिष्ठ महाविद्यालयात प्राध्यापकी करायची आहे. वाट कशी आहे, नेमणुकीत आणि बढतीत कवितेचा उपयोग होतो का, आणि नोकरी लागली की कविता आटते म्हणतात ते खरे का, असे विचारले आहे.

आधी उपयोगाचे सांगतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. कवितासंग्रहाला या नोकरीच्या हिशेबात जवळजवळ किंमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधन गुणांचा तक्ता आहे. त्यात भाषा आणि मानव्य विद्यांसाठी तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला १०, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ आणि संपादित ग्रंथातल्या एका प्रकरणाला ५ गुण मिळतात. अनुवादाचे खाते वेगळे आहे: पूर्ण पुस्तकाला ८, एका प्रकरणाला किंवा निबंधाला ३. सर्जनशील लेखनाचे खाते मात्र या तक्त्यात कुठेच नाही. काही जण कवितासंग्रह ‘पुस्तक’ म्हणून दाखवतात. एखादी छाननी समिती तो मान्य करते, बऱ्याच समित्या लाल रेघ मारतात, कारण तक्ता संशोधनाचा आहे. पुरस्कारांना तेवढी जागा आहे, राष्ट्रीयला ५ आणि आंतरराष्ट्रीयला ७, पण पुरस्काराच्या भरवशावर कोणी बढतीचा अर्ज भरू नये.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वह्या वेगळ्या ठेवा. एक नोकरीची: निबंध, प्रमाणपत्रे, तासांचे हिशेब. दुसरी कवितेची. पहिल्या वहीतली कमतरता दुसरी भरून काढेल अशी आशा धरणारे पन्नाशीत अडकलेले दिसतात. त्यांच्या नावावर पाच संग्रह असतात आणि प्राध्यापकपदासाठी लागणारे दहा निबंध नसतात.

आता वाट. महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५ टक्के सवलत) आणि नेट किंवा सेट, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, लागते. पीएच.डी. सक्तीची आहे अशी चर्चा मध्यंतरी झाली होती. जुलै २०२३ च्या दुरुस्तीने नेट-सेट हीच किमान अट ठरली. नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते, गुणांची रचना तीच.

कविता लिहिणारे उमेदवार या परीक्षेत दोन ठिकाणी मार खातात. एक, ते केशवसुतांपासून आजपर्यंतची कविता मन लावून वाचतात आणि महानुभाव गद्य, बखर, शाहिरी, भाषाविज्ञान, रस-ध्वनी-वक्रोक्तीचा विचार आणि लोकसाहित्य वरवर उरकतात. प्रश्नपत्रिकेला तुमची आवड माहीत नसते. दोन, पहिल्या पेपरातले अंकगणित, तर्क आणि आकडेवारीचे तक्ते त्यांना परके वाटतात. तो पेपर एकूण गुणांचा तिसरा हिस्सा आहे. रोज पाऊण तास, तीन महिने, जुने पेपर घड्याळ लावून सोडवले तर ही अडचण सुटते.

शक्य असेल तर नुसत्या नेटवर समाधान मानू नका, कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी, म्हणजे जेआरएफसाठी, प्रयत्न करा. जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडे. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वाचनासाठी मिळणारी सलग वर्षे. कवीला पुढच्या तीस वर्षांत असा काळ पुन्हा मिळत नाही.

मुलाखतीला बोलावण्यासाठी याच नियमावलीत वेगळा तक्ता आहे. महाविद्यालयांसाठी तो असा: पदवीला ८० टक्क्यांपासून पुढे २१, ६० पासून १९, ५५ पासून १६, ४५ पासून १०, पदव्युत्तर पदवीला अनुक्रमे ८०, ६० आणि ५५ टक्क्यांना २५, २३ आणि २०, पीएच.डी.ला २५, जेआरएफसह नेटला १०, नेटला ८, सेटला ५, प्रत्येक निबंधाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त ६, अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १०, पुरस्कारांना जास्तीत जास्त ३. बी.ए.ला ६२ टक्के, एम.ए.ला ६६ टक्के, नेट, पीएच.डी., तीन निबंध आणि पाच वर्षांचा अनुभव असलेल्या उमेदवाराचे ९१ गुण होतात. तेवढेच टक्के, फक्त सेट आणि बाकी काही नाही, त्याचे ४७. जागा एक आणि अर्ज शंभर असले की ही दरी बोलते. हा तक्ता केवळ छाननीचा आहे आणि निवडीचे निकष शासन वेळोवेळी बदलते, म्हणून त्या-त्या जाहिरातीतली अट प्रमाण मानावी.

मधला टप्पा बहुतेकांच्या वाट्याला येतो तो तासिका तत्त्वाचा, म्हणजे सीएचबीचा. शिकवलेल्या तासाचे मानधन, सुट्टीचे काही नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज आणि मुलाखत. मानधन बरेचदा महिनोन् महिने उशिरा हाती पडते. इथे होणारी मोठी चूक म्हणजे कागद न घेणे. नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाची मान्यता आणि तासांचा उल्लेख असलेले अनुभव प्रमाणपत्र दरवर्षी सत्र संपताच हातात घ्या. मान्यता नसलेली पाच वर्षे छाननीत शून्य धरली जातात, आणि तोपर्यंत प्राचार्य बदललेले असतात, कार्यालयात कोणी दाद देत नाही. सीएचबीला आपल्यापुरती मुदत घाला. तीन वर्षांत पीएच.डी. पुढे सरकत नसेल तर शिकवणे टिकून राहते आणि भविष्य थांबते. भाषांतर, प्रकाशनातले संपादन किंवा शाळेतली नोकरी हे पर्याय त्याच वेळी उघडे ठेवावेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

अनुदानित जागेची जाहिरात वाचताना तीन गोष्टी पाहा: पद अनुदानित आहे की कायम विनाअनुदानित, कोणत्या प्रवर्गासाठी आहे आणि विद्यापीठाच्या मान्यतेचा उल्लेख आहे का. बिंदुनामावलीची (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याच्या नोंदीची) तपासणी, उच्च शिक्षण सहसंचालकांचे ना-हरकत पत्र, जाहिरात, कुलगुरूंच्या प्रतिनिधीसह निवड समिती आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता, अशी ही साखळी असते. एक कडी गाळलेली असेल तर वेतन निश्चितीच्या वेळी फाइल परत येते. काही ठिकाणी ‘देणगी’ मागितली जाते, हे उघड गुपित आहे. देऊ नका. लाच देणे हाही २०१८ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय शेत विकून किंवा कर्ज काढून मिळवलेल्या जागेवर माणूस आयुष्यभर संस्थेपुढे मान खाली घालून वावरतो. ज्याला खरे लिहायचे आहे त्याला हे फार महाग पडते.

नोकरी लागली की सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये, म्हणजे दहावा स्तर, वर महागाई आणि घरभाडे भत्ता. पुढचा ६८,९०० चा स्तर पीएच.डी. असेल तर ४ वर्षांनी, एम.फिल. असेल तर ५ आणि नुसते नेट-सेट असेल तर ६ वर्षांनी. त्यानंतर ५ वर्षांनी ७९,८००. मग ३ वर्षांनी सहयोगी प्राध्यापक, १,३१,४०० वर. इथे मोठी उडी आहे आणि इथेच पीएच.डी. अनिवार्य आहे. त्यापुढे ३ वर्षांनी प्राध्यापक, १,४४,२००. त्यासाठी किमान १० शोधनिबंध, त्यातले ३ मूल्यमापनाच्या काळातले, आणि ११० संशोधन गुण हवेत.

बढतीची फाइल अडते ती बुद्धीच्या अभावी नव्हे, कागदाच्या अभावी. बढतीसाठी लागणारा उद्बोधन किंवा उजळणी वर्ग, म्हणजे प्राध्यापकांचे प्रशिक्षण, मूल्यमापनाच्या कालावधीबाहेर केलेला असतो. निबंध छापला ते नियतकालिक त्या वेळी मान्य यादीत होते याचा पुरावा नसतो. आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. त्याआधीच्या निबंधांसाठी यादीतल्या नोंदीचे छापील पान जपून ठेवा. यापुढे नियतकालिक निवडताना संपादक मंडळ खरोखर त्या विषयातले आहे का, परीक्षणाचा लेखी अभिप्राय मिळतो का, आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, बरोबर आहे का, हे पाहा. पैसे भरल्यावर चार दिवसांत ‘स्वीकृत’ कळवणाऱ्या नियतकालिकात निबंध देऊ नका. असा निबंध वीस वर्षांनीही तुमच्या नावावर राहतो. नियमावलीत बढतीसाठी तासिकांची उपस्थितीही मोजली जाते: नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के घेतले तर ‘चांगले’, ७० च्या खाली गेलात तर ‘असमाधानकारक’. कविसंमेलनांसाठी वारंवार रजा काढणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आता कवितेचे.

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते, ४८ मिनिटांच्या तासिका असतील तर २०. ऐकायला कमी वाटते. यात तयारी, उत्तरपत्रिका, अंतर्गत मूल्यमापन, नॅकचे (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे) तक्ते आणि समित्या धरल्या की आठवडा भरतो. मराठीच्या, त्यातही कवी असलेल्या, प्राध्यापकाकडे आणखी एक ओझे आपसूक येते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, वाङ्मय मंडळ, वार्षिक अंकाचे संपादन, स्नेहसंमेलनाचे निवेदन, पाहुण्यांचा परिचय, मानपत्र, स्वागतगीत आणि निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यावरची कविता. यातली वाङ्मय मंडळ आणि वार्षिक अंक ही कामे मनापासून करावीत. विद्यार्थ्यांना त्यांचा उपयोग होतो आणि बढतीच्या अर्जात उपक्रम म्हणूनही ती धरली जातात. स्वागतगीते आणि प्रासंगिक कविता मात्र पहिल्याच वर्षी नम्रपणे नाकाराव्यात. नकार पहिल्या वर्षी स्वीकारला जातो. पाचव्या वर्षी तो उर्मटपणा ठरतो. हे वेळेपुरते नाही. मागणीनुसार टाळीची ओळ लिहायची सवय हाताला लागली की ती स्वतःच्या वहीतही उतरते, आणि ती जाता जात नाही.

नोकरीत कविता आटते हे अर्धे खरे आहे. वेळेच्या टंचाईने ती थोडी कमी होते, पण आटते ती वेगळ्या कारणाने. वर्षानुवर्षे कविता समजावून सांगणारा माणूस लिहितानाच समजावू लागतो. प्रतिमा ठेवतो आणि पुढच्या ओळीत तिचा अर्थ सांगतो. शेवटच्या दोन ओळींत निष्कर्ष काढतो, कारण तासिकेला निष्कर्ष लागतो. यावर एक साधा उपाय आहे. कच्ची कविता तीन आठवडे बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा आणि शेवटचे कडवे झाकून पुन्हा वाचा. झाकल्यावर काही हरवले नाही तर ते कडवे प्राध्यापकाने लिहिलेले आहे, काढून टाका. दुसरा धोका समीक्षेच्या शब्दांचा. ‘जाणीव’, ‘अस्तित्व’, ‘संवेदना’, ‘अवकाश’ हे शब्द रोज फळ्यावर लिहिले जातात आणि नकळत कवितेत शिरतात. पुनर्लेखनात त्यांच्याभोवती पेन्सिलने गोल करा. दहांपैकी आठ ठिकाणी त्या जागी एखादी वस्तू, एखादे क्रियापद किंवा घरात बोलला जाणारा शब्द बसतो.

कवितेचा पहिला खर्डा वेळापत्रकात बसवता येत नाही, पुनर्लेखन येते. सत्र चालू असताना एवढेच करा की सुचलेली ओळ त्याच दिवशी तारखेसह वहीत उतरेल. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत बसून त्यांवर काम करा. उत्तरपत्रिका तपासायच्या दिवसांत लिहायचा हट्ट धरू नका. दोनशे उत्तरांतली तीच तीच वाक्ये डोक्यात असतात आणि कान बधिर झालेला असतो. दिवाळी अंकांसाठी कविता मे ते जुलैमध्ये पाठवाव्यात, ऑगस्टच्या अखेरीस बहुतेक अंक भरलेले असतात. एका वेळी तीन ते पाच कविता, स्वच्छ युनिकोडमध्ये, आणि तीच कविता एकाच वेळी दोन अंकांना नको.

नोकरीची वही आणि कवितेची वही एकमेकींना भेटतात ती जागा संशोधन आणि अध्यापन ही आहे, आणि ती फार सुपीक आहे. माधव ज्युलियन फारसीचे प्राध्यापक होते, कवी होते, आणि मराठी वृत्तांचा सर्वांत पद्धतशीर विचार त्यांनी ‘छंदोरचना’त केला. कारागिराला आपल्या हत्याराची जी माहिती असते तिचे त्यांनी शास्त्र केले. तुम्हालाही पीएच.डी.चा विषय असाच निवडता येईल, जिथे तुमचा कान कामी येईल पण तुमची स्वतःची कविता मध्ये येणार नाही. एखाद्या भागातल्या जात्यावरच्या ओव्यांची लयरचना, एखाद्या जुन्या मासिकातल्या कवितेची निवड, गझलेचे मराठीतले छंदोविषयक बदल, शाहिरी कवनांच्या चालींचे प्रकार, असे विषय घ्या. ‘अमुक कवीची कविता: एक अभ्यास’ टाळा. हयात कवी तर नकोच. तुम्ही स्वतः त्याच वर्तुळात वावरता, प्रबंधात खरे लिहिता येत नाही. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे आहेत, सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) अभ्यासकार्य आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगतीचा अहवाल. मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा त्यांच्याकडे किती जागा भरल्या आहेत ते विचारा: सहायक प्राध्यापकाला ४, सहयोगीला ६, प्राध्यापकाला ८ विद्यार्थी घेता येतात. त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले तेही विचारा. निबंध प्रबंधातूनच काढा. एका नीट लिहिलेल्या प्रबंधातून चार चांगले निबंध निघतात.

वर्गात कवीचा खरा कस लागतो. कविता शिकवताना कवीच्या चरित्राने सुरुवात करू नका. ४८ मिनिटांतली पहिली आठ-दहा मिनिटे नुसती कविता वाचण्यात घाला: एकदा तुम्ही, एकदा विद्यार्थी, मध्ये काही न बोलता. मग कुठे अडले ते विचारा. अडलेला शब्द हाच प्रवेशद्वार असतो. वृत्त शिकवताना व्याख्या फळ्यावर लिहून द्यायची आणि गण पाठ करायला लावायचे, ही पद्धत आपण पिढ्यान् पिढ्या चालवली आणि मुलांना वृत्ताची भीती घातली. त्याऐवजी आधी टाळी, मग नाव. ‘निळ्या पावसाने पुन्हा हाक यावी’ ही साधी ओळ घ्या. लघूला हलकी टाळी, गुरूला लांब. लगागा, लगागा, लगागा, लगागा. अक्षरे बारा, मात्रा वीस, गण चारही य. एवढे हाताने कळल्यावर मगच सांगा की याला भुजंगप्रयात म्हणतात. इथे हुशार विद्यार्थी हमखास अडतो: ‘निळ्या’ आणि ‘पुन्हा’ यांत पुढे जोडाक्षर आहे, मग ‘नि’ आणि ‘पु’ लघू कसे? हा प्रश्न आला की तास जिंकला. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तरच ते गुरू होते. ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर जोर येतो, ‘पुन्हा’ म्हणताना ‘पु’वर येत नाही. नियम पुस्तकातला असला तरी पुरावा तोंडात आहे, हे मुलांना तिथे पहिल्यांदा समजते.

मोठ्या अभंगाचेही तसेच. चार चरण, ६, ६, ६ आणि ४ अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक. पाच मिनिटे देऊन प्रत्येकाला बाजार, बस, पाऊस यांवर एक चौक, म्हणजे अशा चार चरणांचे एक कडवे, रचायला सांगा. चौथ्या चरणात दोन अक्षरे कमी पडतात आणि तिथे आवाज कसा टेकतो, हे रचून पाहिल्याशिवाय कोणाला कळत नाही. नव्या शैक्षणिक आराखड्यात कौशल्याच्या २ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला जागा आहे. लेखी स्वरूपाचा असेल तर ३० तास, प्रात्यक्षिकाचा असेल तर ६०. काव्यलेखनाचा अभ्यासक्रम मांडायचा असेल तर प्रात्यक्षिकाचा मांडा आणि मूल्यमापन कवितेच्या गुणवत्तेवर न ठेवता खर्ड्यांवर ठेवा. पहिला, दुसरा, तिसरा खर्डा आणि प्रत्येक बदलाचे एका ओळीत कारण. चांगल्या कवितेला दहापैकी नऊ आणि वाईटला चार देत बसलात तर तिसऱ्या आठवड्यात वर्ग गप्प होतो.

विद्यार्थी वह्या घेऊन येतील. वाचा. ‘छान आहे’ म्हणून परत करू नका, आणि चार जणांसमोर दोषही काढू नका. प्रत्येक वहीत खरी असलेली एक ओळ शोधा, तिच्याखाली रेघ ओढा आणि ती खरी का वाटते ते समासात लिहा. प्रस्तावना मात्र देऊ नका, निदान ते शिकत असेपर्यंत. स्वतःची कविता वर्गात शिकवू नये, आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर असताना आपले पुस्तक नेमायचा प्रस्ताव आला तर त्या बैठकीतून लेखी कळवून बाहेर राहावे. नेमलेल्या पुस्तकाची विक्री होते, पण त्या विक्रीला वाचक मिळाले असे म्हणता येत नाही.

नोकरीच्या नियमांबद्दल एवढेच की, प्रासंगिक साहित्यिक लेखनाला साधारणपणे आडकाठी नसते. सरकारी महाविद्यालयात महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ लागू होतात. नियमित मोबदल्याचे काम, म्हणजे दर आठवड्याचे सदर किंवा मालिकेसाठी गीतलेखनाचा करार, घेण्याआधी लेखी परवानगी काढा. तोंडी परवानगी प्राचार्यांबरोबर निवृत्त होते.

पहिल्या संग्रहाची घाई करू नका. साठ ते ऐंशी कविता निवडता येतील एवढा साठा हवा, म्हणजे किमान दीडशे लिहून झालेल्या असाव्यात. मराठी संग्रह बहुधा डेमी आकारात, १६ पानी फर्म्यांत छापतात. ११२ पानांचे पुस्तक म्हणजे सात फर्मे. हे आधी माहीत असले तर कवितांची संख्या पानांशी जुळवता येते आणि शेवटी चार कोरी पाने राहत नाहीत किंवा जागेअभावी कविता गळत नाही. लांब कविता डाव्या पानावर सुरू करा, म्हणजे ती समोरासमोर दोन पानांवर दिसते आणि पान उलटताना लय तुटत नाही. मुद्रिते तीनदा वाचा, त्यातले एक वाचन दुसऱ्या माणसाचे. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये मजकूर नेताना ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची अदलाबदल होते, आणि ‘दऱ्या’ लिहिलेल्या जागी ‘दर्या’ छापला की डोंगराची कविता समुद्रात जाते. यंत्राला यात चूक दिसत नाही, दोन्ही शब्द बरोबर आहेत.

एकही पुस्तक नसलेल्यांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, हस्तलिखित पाठवायचे असते. पैसे भरून छापण्याआधी ती वापरून पाहा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो, त्यासाठी कोणी रक्कम मागत असेल तर सावध व्हा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कवितासंग्रहासाठी बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे आणि त्या-त्या वर्षी जानेवारी ते डिसेंबरमध्ये निघालेली पुस्तके त्यात धरतात. पहिला संग्रह एकदाच निघतो, म्हणून पुस्तकावरचे प्रकाशन वर्ष आणि प्रवेशिकेची तारीख स्वतः पाहा, प्रकाशकावर सोडू नका. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी आहे, रक्कम ५०,००० रुपये.

प्रकाशकाशी करार लेखीच हवा. लेखी आणि सही केल्याशिवाय हक्क हस्तांतरित होतच नाहीत, असे १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’ असे वाक्य छापील नमुन्यात असते. ते खोडून मुदत, आवृत्तीच्या प्रती, मानधनाचे प्रमाण आणि लेखकाला मिळणाऱ्या प्रती हाताने लिहा, दोघांनी शेजारी सही करा. श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि गायनाचे हक्क त्यात देऊ नका. एखादी कविता दहा वर्षांनी कोणी चाल लावून गाईल, तेव्हा परवानगी देण्याचा हक्क तुमच्याकडे असायला हवा.